माणिक चौक ते चिंचखेडी

नंदुरबार जिल्ह्यात ९ सप्टेंबरला भाषण केलं नाही असा शिक्षक सापडायचा नाही. मीही तोरणमाळच्या आश्रमशाळेत वर्षानुवर्षं केलं. झापी, फलई, सिंदीदिगरकडून आलेली पोरं रांगेत बसलेली असायची, सप्टेंबरातलं धुकं वर्गाच्या दारापर्यंत आलेलं असायचं आणि मी शिरीषकुमार मेहतांची गोष्ट सांगायचो. ती सांगताना माझा गळा अजूनही दाटून येतो, कारण ती खरी आहे आणि आमच्या जिल्ह्याची आहे.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच सगळे पुढारी तुरुंगात गेले. त्याला बरोबर महिना झाला त्या बुधवारी, ९ सप्टेंबरला, नंदुरबारात मुलांची मिरवणूक निघाली. पुढारी आत असल्यावर रस्त्यावर कोण उरणार? शाळकरी पोरं उरली. शिरीषकुमारांचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा, म्हणजे सोळावंही पुरं झालेलं नव्हतं. घर व्यापाऱ्याचं, घरची बोली गुजराती, त्यामुळे घोषणाही गुजरातीत. मिरवणूक माणिक चौकात आली तेव्हा पोलिसांनी अडवली. आधी लाठ्या चालल्या, मग बंदुका वर झाल्या. नंदुरबारचे लोक सांगतात, की बंदुकीचं तोंड मुलींच्या दिशेनं वळलं तेव्हा हा मुलगा झेंडा घेऊन मध्ये उभा राहिला. गोळ्या छातीत लागल्या. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा गेले. एका चौकात, एका दुपारी पाच जण.

माणिक चौक ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, की ते काही मैदान नाही. जुन्या गावातला चौक, दुकानांच्या ओळी, चहूकडून आलेले बोळ. तिथे बंदूक आणि मूल यांच्यात अंतर ते किती असणार? झेंडा धरणाऱ्याचं तोंड गोळी झाडणाऱ्याला स्वच्छ दिसत असणार. पोरांना मी हे मुद्दाम सांगायचो. लांबून, गर्दीत, चुकून लागलेल्या त्या गोळ्या नव्हत्या.

हे सगळं पुस्तकात आहे, चौकात स्मारक आहे, आणि ते असायलाच हवं. माझं म्हणणं पुढचं आहे. माझ्यासमोर बसलेल्या पोरांची माणसंसुद्धा गोळीला बळी पडली, याच जिल्ह्यात, आणि त्याचं भाषण कुठल्याच तारखेला होत नाही.

मी भिल्ल. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पोलिसात शिपाई होते. स्वातंत्र्यानंतर भरती झाले, तेव्हा हा सगळा मुलूख पश्चिम खानदेशात होता आणि मुख्यालय धुळ्याला. तळोदा, धडगाव अशा ठाण्यांत त्यांची नोकरी गेली. भिल्लाच्या अंगावर पोलिसाचा गणवेश पाहून आज कुणाला नवल वाटेल, पण इथे ती जुनी रीत आहे. १८१८ ला इंग्रजांनी खानदेश घेतला आणि सातपुड्यातल्या भिल्लांनी त्यांना सुखानं राज्य करू दिलं नाही. फौजा पाठवून भागेना, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्यानं भिल्लांचीच पलटण उभी केली. ‘खानदेश भिल्ल कोअर’, ठाणं धरणगावला. तिनं डोंगरातल्या वाटा, पाणवठे, नातीगोती सगळं सरकारला मिळवून दिलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती पोलिसात मिसळली. डोंगरात बंड करणारा भिल्ल आणि त्याला धरायला जाणारा भिल्ल एकाच पाड्यातले असू शकत होते, असे दिवस आमच्या लोकांनी पाहिले आहेत.

खाज्या नाईकांचंच पाहा. सेंधव्याच्या घाटातून जाणाऱ्या रस्त्याची राखण ते इंग्रजांच्या नोकरीत राहून करत होते. १८५७ ला तेच उलटले, भीमा नाईकांबरोबर उभे राहिले. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला लढाई झाली आणि लढाईनंतर पकडलेल्यांना तिथल्या तिथे गोळ्या घालण्यात आल्या. लढाईत मेलेला वेगळा आणि हात बांधून मारलेला वेगळा. अंबापाणीनं हा फरक आम्हाला फार लवकर शिकवला.

त्यानंतर डोंगर शांत झाला असं सरकारी कागद म्हणतात. १८७८ ला मात्र एकाच वर्षात दोन कायदे आले, देशाचा वन कायदा आणि मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा. पहिल्यानं जंगल सरकारचं झालं. दुसऱ्यानं मोहाची दारू घरी गाळणं गुन्हा ठरलं आणि ठेकेदाराच्या दुकानातून विकत घेणं कायदेशीर झालं. मोह आमच्या दारात, भट्टी त्याची, कर सरकारचा, आणि उधारीची वही सावकाराकडे. या चौकटीत भिल्लानं दारू पिणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. त्यानं दारू सोडायचं ठरवलं की चार जणांची गणितं एकदम बिघडणार होती.

ती बिघडवली तळोदे तालुक्यातल्या रांझणीच्या गुलाम महाराजांनी. १९३७-३८ चा काळ. मोरवडला दर सोमवारी आरती सुरू झाली. दारू सोडा, रोज अंघोळ करा, भांडू नका, एकमेकांना मानानं बोलवा, एवढंच त्यांचं सांगणं. आदिवासी पायी चालत, भाकरी बांधून, रात्रीचा मुक्काम करत यायचे. बघता बघता हजारोंची रीघ लागली. ठेकेदारांची दुकानं ओस पडली. १९३८ ला महाराज गेले, पण आरती थांबली नाही. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी ती चालू ठेवली.

सरकारला यात भय कसलं वाटलं, हे समजून घ्यायला तोरणमाळची जत्रा डोळ्यांसमोर आणावी. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या दर्शनाला सातपुड्याच्या दोन्ही अंगांनी माणूस चढतो. खानदेशातला येतो, गुजरातचा येतो, मध्य प्रदेशातला येतो. यशवंत तलावाच्या काठावर पालं पडतात, नवसाचे नारळ फुटतात, रात्रभर ढोल. ही जत्रा फार जुनी, इंग्रजांच्या गॅझेटियरनंही तिची नोंद घेतली. एवढा जमाव दरसाल जमे, तरी त्यावर बंदी घालावी असं कुणाला वाटलं नाही. जत्रेला माणूस येतो, नवस फेडतो, चार पैसे खर्चून घरी जातो, आणि दुसऱ्या दिवशी सावकाराशी त्याचं नातं जसंच्या तसं राहतं. मोरवडहून परतणारा माणूस बदलून घरी जात होता. माझ्या समजुतीनं सगळं मर्म इथेच आहे. संख्येला सरकार कधीच भ्यालं नाही, पण सरकारला न विचारता आपापसात काही ठरवून टाकणारी माणसं त्याला सोसली नाहीत.

मोरवडच्या आधी हेच मानगढला घडून गेलं होतं. राजस्थान-गुजरातच्या सीमेवरचा तो डोंगर. गोविंद गुरूंनी तिथल्या भिल्लांना दारू सोडायला लावली, वेठ नाकारायला शिकवलं, आणि १७ नोव्हेंबर १९१३ ला डोंगरावर जमलेल्या लोकांवर फौजेनं गोळ्या चालवल्या. तीस वर्षांनी आमच्याकडे त्याच पावलांनी तेच आलं.

रामदास महाराजांना हद्दपार करण्यात आलं. ते परतले तेव्हा लोक पुन्हा त्यांच्याभोवती गोळा होऊ लागले. साल १९४३. खेर मंत्रिमंडळानं नोव्हेंबर १९३९ मध्येच राजीनामा दिला होता, मुंबई प्रांतात निवडून आलेलं सरकार नव्हतं, गव्हर्नर एकहाती कारभार चालवत होता. वर युद्ध, आणि ‘चले जाव’ चिरडायला दिलेले मोकळे हात. २ मार्चला तळोदे तालुक्यातल्या रावलापाणीजवळ, निझरा नाल्यात, रामदास महाराजांबरोबर असलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. पंधरा जण मेले. त्या दिवशी मंगळवार होता, म्हणजे आदला दिवस आरतीचा. आणि महाशिवरात्र त्याच आठवड्यात होती. रावलापाणीची प्रेतं उचलली जात होती तेव्हा तोरणमाळच्या घाटानं जत्रेकरू चढत असणार, आणि त्यांना कुणी अडवलं नसणार.

निझरा नाल्यात मी गेलोय. उन्हाळ्यात पाणी जेमतेम असतं. दोन्ही बाजूंना चढ, मध्ये काळे खडक. गावातली माणसं खडकांवरच्या खळग्यांवर बोट ठेवून सांगतात, ही गोळीची खूण, ही दुसरी. माझ्याबरोबर आलेल्या माणसानं माझं बोट धरून त्या खळग्यात घातलं. पेरभर आत गेलं. मग त्यानं मला नाल्याच्या मधोमध उभं केलं आणि वर पाहायला सांगितलं. वर उभ्या असलेल्याला खालचा प्रत्येक जण दिसतो आणि खालच्याला पळायला दोनच दिशा, नाल्याच्या वर किंवा नाल्याच्या खाली. माणिक चौकाचे बोळ जसे सुटकेचे होते तसे इथे नव्हते. माणिक चौकानंतर सहा महिनेही झाले नव्हते. तोच जिल्हा, तेच सरकार, तेच पोलीस खातं. मेलेले तिप्पट.

दर वर्षी २ मार्चला रावलापाणीला माणसं जमतात, आरती होते, आदरांजली वाहिली जाते. पण त्याची वार्ता जिल्ह्याबाहेर फारशी जात नाही. माणिक चौकातल्या पाचही नावांचं पाठांतर आमच्या पोरांना आहे. रावलापाणीच्या पंधरांतलं एकही नाव त्यांना शाळेत कुणी शिकवत नाही. नंदुरबार रेल्वेवर आहे, तिथे व्यापारी होते, वकील होते, वर्तमानपत्र वाचणारे होते, पत्र लिहून मुंबईला कळवणारे होते. निझरा नाल्यातल्या माणसांना लिहिता येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं ते बंदुकीच्या बाजूला होते.

आबांच्या बोलण्यातून मला दुसरी बाजूही कळली आहे, आणि ती लपवावी असं मला वाटत नाही. ते सांगायचे, डोंगरात बंदोबस्ताला आठ-दहा शिपाई, हातात ४१० ची मस्केट, एका वेळी एक गोळी. समोर चार-पाचशे लोक, त्यांच्याकडे तीरकामठी असतील-नसतील. नियम सगळे पाठ असायचे. आधी जमाव बेकायदा असल्याचं मोठ्यानं जाहीर करायचं, पांगायला सांगायचं, मग लाठी, आणि काहीच चाललं नाही तर हुकूम मिळाल्यावर गोळी, तीही खाली रोखून. “पण पांगा म्हणून साहेब मराठीत ओरडायचा,” आबा म्हणायचे, “आणि समोरच्यांना पावरी येते नाहीतर भिलोरी. त्यांना वाटायचं साहेब शिव्या देतोय. ते आणखी पुढे यायचे. मग साहेब भ्यायचा.” भिल्ल शिपायांना समोरचे काय बोलताहेत ते कळायचं. पुष्कळदा तो शिपाईच पुढे होऊन आपल्या बोलीत समजावायचा आणि वेळ निभायची. आबांनी असं कितीदा तरी केलं. त्याचं बक्षीस मिळत नसे, ते कुठल्या नियमात नव्हतं.

नियम कुणी केले, तेही पाहावं. जमावबंदीचं १४४ वं कलम १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं. स्वतंत्र भारतानं १९७३ ला नवी संहिता केली, तेव्हा ते त्याच आकड्यानं तसंच राहिलं. जमाव पांगवताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या परवानगीवाचून खटला चालवता येत नाही, हे १३२ वं कलम. तेही आकड्यासकट तसंच आलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत १४४ चं १६३ झालं. कायदा करणारे बदलले, झेंडा बदलला, गोळी झाडणाऱ्याला मिळणारं संरक्षण तेवढं तसंच राहिलं. ज्या तरतुदींच्या बळावर परक्या सरकारनं लोकांचं जमणं मोडून काढलं, त्या आपण स्वातंत्र्यात जशाच्या तशा का आणल्या? हा प्रश्न मी वर्गातही विचारत आलो. उत्तर पोरांनी द्यावं अशी माझी अपेक्षा नव्हती, त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी द्यायला हवं होतं.

शहाद्याच्या सपाटीवर सत्तरच्या दशकात याचा अनुभव आलाच. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीला धान्यासाठी गेलेल्या आदिवासींवर गोळ्या चालल्या. अंबरसिंग महाराजांनी उभ्या केलेल्या चळवळीतून १९७२ ला श्रमिक संघटना आली. सावकारानं गिळलेल्या जमिनी परत मागणं, सालदाराला मजुरी मागणं, एवढंच तिचं काम. जून १९७५ ला आणीबाणी लागली आणि संघटनेची माणसं तुरुंगात गेली. मोर्चा नाही, सभा नाही. त्या एकवीस महिन्यांत जमाव हा शब्दच गुन्ह्याचा झाला होता. आबा तेव्हा नोकरीत होते. घरी या विषयावर ते बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू.

आता चिंचखेडी. तोरणमाळ ज्या अक्राणी तालुक्यात आहे त्याच तालुक्यातलं, नर्मदेच्या बाजूचं. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं बुडणार होती, त्यातली ९ अक्कलकुव्याची आणि २४ अक्राणीची. लोक म्हणत होते, आधी आमच्या जमिनी, घरं, माणसं नीट मोजा, जमीन दाखवा, मग पाणी चढवा. नर्मदा बचाओ आंदोलनानं ही मागणी जगापुढे नेली. १९९२ ला जागतिक बँकेनंच नेमलेल्या मोर्स समितीनं प्रकल्पावर ताशेरे ओढले, १९९३ च्या मार्चमध्ये बँकेचं कर्ज थांबलं. इकडे बुडणाऱ्या गावांतल्या मणिबेलीत पोलिसांचा तळ पडला होता, जमावबंदी होती, घरं पाडली जात होती. त्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं.

१९ नोव्हेंबर १९९३, शुक्रवार. चिंचखेडीला सर्वेक्षणाचं पथक आलं, बरोबर पोलीस. लोकांनी सर्वेक्षणाला विरोध केला. गोळीबार झाला आणि रेहमल पुन्या वसावे हा मुलगा मेला. वय पंधरा-सोळा.

शिरीषकुमारांच्या वयाचा. एक्कावन्न वर्षांनी. यावेळी गव्हर्नर नव्हता, निवडून आलेलं सरकार होतं, तेही काँग्रेसचं, जिच्या ठरावासाठी माणिक चौकात मुलं मेली. मला या गोष्टीचा आजही संताप येतो आणि तो येऊ नये असं मला वाटत नाही. १९४२ च्या सरकारला आपण जुलमी म्हणतो ते ते परकं होतं म्हणून, की त्यानं पोरांवर गोळ्या झाडल्या म्हणून? पोरांवर गोळ्या झाडल्या म्हणून असेल, तर चिंचखेडीच्या दिवशीचं सरकारही त्याच शब्दाला पात्र आहे, मग ते किती का मतांनी आलेलं असेना.

आबा तेव्हा निवृत्त होऊन तोरणमाळला माझ्याकडे राहत होते. बातमी धडगावहून जीपवाल्यानं आणली. आबांनी दोन-तीनदा नीट विचारून घेतलं, कोण होते, किती होते, काय करत होते. मग म्हणाले, “मोजणीच होती ना? चोर पळत नव्हता, आग लागली नव्हती. आज नाही झाली तर उद्या केली असती. परत यायचं होतं.” तीस वर्षं बंदूक खांद्यावर वागवलेल्या माणसाचं हे मत आहे. चौकशी समित्यांच्या भाषेत हेच ‘किमान बळ’ वगैरे म्हणून येतं, पण आबांनी सांगितलं त्याहून सरळ मी कुठे वाचलेलं नाही. जे काम उद्या होऊ शकतं, त्याच्यासाठी आज गोळी चालवायची नसते.

सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा पूर्ण भरलं, १३८.६८ मीटर. नर्मदाकाठची शेतं, घरं, वाटा पाण्याखाली गेल्या. १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला आणि तेव्हापासून या तिन्ही जागा, माणिक चौक, रावलापाणी, चिंचखेडी, एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या हद्दीत आहेत. एका जिल्ह्यानं आपल्या तीन गोळीबारांची एक नोंद तयार करायला आता काही अडचण नसावी. माणिक चौकाची कागदपत्रं आहेत. रावलापाणीची नावं तळोदे, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या घरांत आहेत. महाराजांना मानणाऱ्या कुटुंबांना आपला कोण गेला ते ठाऊक असतं, पण ते सांगणारी पिढी ऐंशीच्या पुढची आहे आणि दर पावसाळ्यात कमी होते आहे. आमच्या शिक्षकांनी सुटीच्या दिवशी वही घेऊन निघावं, भिलोरी येणाऱ्या पोराला बरोबर घ्यावं, गाव, बापाचं नाव, वय, मागे कोण उरलं, एवढं तरी लिहून घ्यावं. चिंचखेडीचं काम त्याहून सोपं आहे. रेहमलबरोबर त्या दिवशी उभी असलेली पोरं आज पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यातले काही बुडितातून उठून पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतात, काही अजून डोंगरातच आहेत. बाजाराच्या दिवशी धडगावला भेटतात, आणि विचारलं तर सगळं सांगतात.